शून्य सरकते तेव्हा

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ऑगस्ट उजाडला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बर्फ, डिझेल आणि पाणी भरण्याची घाई सुरू होते. कोणी लगेच निघतात, कोणी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच बोट बाहेर काढतात. किनारा सोडून दहा-बारा सागरी मैल गेले की मोबाइलचे नेटवर्क सुटते. त्यापुढे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, किनाऱ्याशी बांधून ठेवतात ती केबिनमधली आणि केबिनच्या छपरावरची दोन-चार छोटी यंत्रे.

या यंत्रांची गरज किती मोठी आहे हे २०१७ च्या ओखी वादळाने दाखवून दिले. आधीच खोल समुद्रात गेलेल्या नौकांपर्यंत इशारा पोचवायला साधनच नव्हते. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेने आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘जेमिनी’ हे उपकरण आणले. ‘गगन’ या भारतीय दिशादर्शन यंत्रणेच्या उपग्रहाकडून आलेला इशारा ते झेलते आणि ब्लूटूथने तांडेलाच्या मोबाइलवर उतरवते. इस्रोचे संकटसंदेश पाठवणारे उपकरण २०१० पासून वापरात होते, पण ते फक्त बोलत असे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केलेली त्याची दुसरी पिढी ऐकतेही: ‘तुमची हाक पोचली’ ही पोच भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहांमार्फत बोटीवर परत येते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधून १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख नौकांवर उपग्रहामार्फत संदेशांची देवाणघेवाण करणारे ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली.

बोलणाऱ्या यंत्राची ताकद वॅटमध्ये सांगता येते, म्हणून तिची चर्चा होते. ऐकणाऱ्या यंत्राची ताकद दिसत नाही. तुटपुंज्या बॅटरीवर, खाऱ्या वाऱ्यात, डिझेल इंजिनाच्या शेजारी तासन्‌तास कान लावून बसणे हे अवघड काम आहे. त्या कामात सर्वांत चिवट अडथळा बाहेरून येत नाही, रिसीव्हर तो स्वतःच तयार करतो. तो कसा तयार होतो आणि अभियंत्यांनी तो कसा आवरला, हे या प्रकरणात पाहू.

ऐकायचे तरी किती

जीपीएसचा उपग्रह आपल्यापासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरतो. त्याचा संदेश बोटीवरच्या अँटेनापर्यंत येतो तेव्हा त्याची शक्ती किती उरलेली असते? एका वॅटचे एक अब्ज भाग करा, त्यातला एक भाग घेऊन त्याचे पुन्हा एक कोटी भाग करा. त्यातला एक भाग, एवढीच.

कोणत्याही विद्युत मंडलात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत वळवळत असतात आणि त्यातून एक अखंड खरखर निर्माण होते. जीपीएसला लागणाऱ्या दोन मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात ही खरखर उपग्रहाच्या संदेशापेक्षा सुमारे ८० पट जोरदार असते. संदेश त्या खरखरीखाली गाडलेला असतो आणि ठरावीक सांकेतिक क्रमाशी ताडून पाहिल्यावरच तो हाती लागतो. त्याआधी अँटेनावर आलेले सगळे लाखपट वाढवावे लागते. एवढ्या वाढीत मंडलातली बारीकशी चूकही लाखपट होणार, हे ओघाने आलेच.

मधला टप्पा गाळला तर

जीपीएसची वहन लहर सेकंदाला १५७ कोटींहून अधिक वेळा कंप पावते. तिची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ. एवढ्या जलद लहरीवर थेट प्रक्रिया करायला वीज फार लागते, म्हणून तिला आधी खाली उतरवतात. रिसीव्हरमध्ये एक स्थानिक आंदोलक असतो. त्याची लहर आणि बाहेरून आलेली लहर मिक्सरमध्ये एकत्र केली की दोन्हींच्या वारंवारतांमधल्या फरकाएवढी नवी लहर मिळते.

अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने १९१८ मध्ये ही उतरण टप्प्याने करण्याची सुपरहेटरोडाइन पद्धत शोधली. संदेश आधी एका मधल्या वारंवारतेवर आणायचा, तिथे गाळायचा, वाढवायचा आणि मग शेवटी खाली न्यायचा. आपल्या घरातल्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत साधारण ४५५ किलोहर्ट्झ ही ती मधली पायरी असे. पद्धत उत्तम, पण त्या पायरीवर लागणारे गाळक चिपच्या बाहेर बसवावे लागत. त्यांना जागा लागे, पैसा लागे आणि त्यांच्यातून संदेश ढकलायला वीजही लागे.

मग मधली पायरीच काढून टाकली तर? आंदोलकाची वारंवारता आलेल्या लहरीइतकीच ठेवली की फरक शून्य येतो आणि संदेश एकदम तळाशी उतरतो. ही थेट उतरणीची कल्पना १९२० च्या दशकातली आहे. ब्रिटनमध्ये डी. जी. टकर यांनी १९४७ मध्ये तिला ‘सिंक्रोडाइन’ या नावाने पुन्हा पुढे आणले. पण ती हातात खेळू लागली १९८० च्या सुमारास, पेजरच्या चिपमध्ये. पेजर खिशात राहायचा आणि छोट्या सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचा, त्यामुळे बाहेरचे गाळक वगळणे ही तिथे निकड होती. आजची कमी विजेची बहुतेक बिनतारी उपकरणे याच वाटेने आली आहेत.

या वाटेवर सर्वांत मोठी धोंड ही आहे. संदेश जिथे उतरतो त्या शून्यावर रिसीव्हरच्या घरचा कचराही जमतो.

शून्य कोण सरकवतो

रिकामा तराजू समोर आहे आणि एक पारडे आधीच खाली गेलेले आहे, अशी कल्पना करा. भाजी तोलायची असेल तर थोडा पासंग बांधून भागते. पण अत्तराचा थेंब तोलायचा असेल तर त्या झुकलेल्या पारड्यापुढे थेंबाचे वजन कळणारच नाही. संदेश नसतानाही मंडलात दिसणाऱ्या अशा स्थिर खोट्या व्होल्टेजला डीसी ऑफसेट म्हणतात.

त्याचे पहिले कारण म्हणजे आंदोलकाची गळती. आंदोलक रिसीव्हरच्या पोटातच असतो आणि त्याची लहर संदेशाच्या मानाने प्रचंड असते. चिपच्या पायथ्यातून, तारांमधून तिचा अंश अँटेनाच्या बाजूला झिरपतो, प्रवर्धकातून, म्हणजे संदेश वाढवणाऱ्या मंडलातून, पुन्हा आत येतो आणि मिक्सरमध्ये आपल्याच मूळ लहरीला भेटतो. दोघांची वारंवारता एकच, म्हणून फरक शून्य, म्हणून निघते ते स्थिर व्होल्टेज.

याचे गणित एकदा मांडून पाहावे. समजा, आंदोलकाची लहर ०.३ व्होल्टची आहे आणि ती हजार पटीने कमी होऊन प्रवर्धकाच्या तोंडाशी झिरपली, म्हणजे ०.३ मिलिव्होल्ट. प्रवर्धक आणि मिक्सर मिळून तिला सुमारे ३० पट वाढवतात. मिक्सरच्या बाहेर साधारण १० मिलिव्होल्टचा ऑफसेट उभा राहतो. तिथेच खरा संदेश ३० मायक्रोव्होल्टचा असू शकतो, म्हणजे ऑफसेट संदेशाच्या ३०० पटींहून मोठा. संदेश वाचण्याजोगा करायला पुढे आणखी ३००० पट वाढ हवी. तेवढी दिली की संदेश ०.०९ व्होल्टचा होईल आणि ऑफसेट ३० व्होल्टचा. चिपला मिळते फक्त १.८ व्होल्ट. प्रवर्धक एका टोकाला जाऊन चिकटतो आणि काहीच ऐकू येत नाही.

गळती अँटेनातून बाहेर पडून आजूबाजूच्या वस्तूंवर आपटून परत येते तेव्हा प्रकरण आणखी बिघडते. जीपीएसच्या लहरीची लांबी १९ सेंटिमीटर आहे. परावर्तन करणारी वस्तू पाच सेंटिमीटर सरकली तर परतीच्या लहरीचा प्रवास दहा सेंटिमीटरने बदलतो, म्हणजे अर्ध्या लहरीने, आणि ऑफसेट धनाचा ऋण होतो. डोलणाऱ्या बोटीवर खलाशाचा हात, दोरखंडाची कडी, डोलकाठी यांतले काहीच स्थिर नसते. ऑफसेट एकदा मोजून कायमचा वजा करून टाकावा, हा सोपा उपाय तिथे फसतो.

दुसरे कारण म्हणजे जवळचा मोठा आवाज. बोटीवरचा व्हीएचएफ संच २५ वॅटपर्यंत शक्तीने बोलतो. जवळच्या रिसीव्हरच्या प्रवर्धकात किंचित जरी वक्रता असली तरी हा जोरदार संदेश स्वतःशीच गुणला जातो आणि शून्यावर एक पायरी उमटते. तांडेलाने बोलण्याचे बटण दाबले की पायरी चढते, सोडले की उतरते. जहाजांची ओळख प्रसारित करणारी एआयएस यंत्रणा सुमारे २७ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बोलते, तिच्या प्रत्येक तुकड्याबरोबरही असेच घडते.

तिसरे कारण चिपच्या घडणीतले. जुळ्या म्हणून बनवलेल्या दोन ट्रान्झिस्टरांत सूक्ष्म फरक राहतोच. फिलिप्स कंपनीतल्या मार्सेल पेलग्रोम यांनी सहकाऱ्यांसह १९८९ मध्ये त्याचा नियम मांडला: हा फरक क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. फरक निम्मा करायचा तर ट्रान्झिस्टर चौपट मोठा करा. पण मोठा ट्रान्झिस्टर त्याच वेगाने चालवायला जास्त वीज लागते. ऑफसेटशी नुसत्या ताकदीने लढायला गेले की बिल बॅटरीवर फाडले जाते, ते असे.

कॅपॅसिटरचे आमिष

पहिला सुचणारा उपाय म्हणजे मार्गात कॅपॅसिटर ठेवणे. तो स्थिर व्होल्टेज अडवतो आणि बदलते पुढे जाऊ देतो. पण शून्याबरोबर शून्याच्या जवळचा संदेशही तो कापतो. संदेश फार कापला जाऊ नये म्हणून, समजा, फक्त २०० हर्ट्झच्या खालचे अडवायचे ठरवले. एक लाख ओहमच्या रोधाबरोबर त्याला सुमारे ८ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर लागतो. सुट्या भागांच्या दुकानात तो किरकोळ किमतीला मिळेल. चिपवर मात्र एका चौरस मायक्रोमीटरमध्ये दोन फेम्टोफॅरड एवढीच धारिता मावते असे धरले, तर तो चार चौरस मिलिमीटर जागा खाईल. थेट उतरणीत संदेश एकमेकींपासून पाव लहरीने सरकलेल्या, म्हणजे काटकोनी कलेतल्या, दोन वाटांनी नेतात; प्रत्येक वाटेच्या दोन तारा, असे चार कॅपॅसिटर लागतात. सोळा चौरस मिलिमीटर! एवढ्यात अख्ख्या रिसीव्हरच्या कित्येक चिप मावतात.

त्याहून मोठी किंमत वेळेची. असा कॅपॅसिटर स्थिरावायला साधारण चार मिलिसेकंद घेतो. ऐकायला तो फारसा वेळ वाटत नाही. पण कमी विजेचा रिसीव्हर सतत जागा नसतो; तो क्षणभर उठतो, ऐकतो आणि पुन्हा झोपतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीच्या पाण्याने चिपळूण बुडाले. अशा नदीकाठी बसवायच्या पाणीपातळी मापकाचा विचार करा. त्याने दर सेकंदाला एक मिलिसेकंद कानोसा घ्यायचा आहे. स्थिरावण्यात चार मिलिसेकंद गेले तर तो पाच मिलिसेकंद जागा राहील. ऐकण्यासाठी लागणारी वीज पाचपट झाली, आणि त्यातली चार पट नुसती वाट पाहण्यात गेली.

संदेश शून्यावर ठेवूच नये

या कोड्याची सर्वांत सुंदर उकल पेजरमध्ये सापडते. तिथे ऑफसेट काढून टाकण्याची खटपट करण्याऐवजी संदेशच त्याच्या वाटेतून बाजूला ठेवला होता. पेजरच्या पोकसॅग पद्धतीत १ आणि ० यांच्यासाठी वहन लहर ४.५ किलोहर्ट्झने खाली किंवा वर सरकवतात. थेट उतरणीनंतर दोन्ही खुणा शून्यापासून ४.५ किलोहर्ट्झ दूर पडतात आणि अगदी शून्यावर जवळपास काहीच नसते. तिथे छोटासा कॅपॅसिटर बसवा. तो खुशाल तळ कापू दे, संदेशाला धक्का लागत नाही.

हेच तत्त्व अनेक रूपांत दिसते. मँचेस्टर संकेतनात प्रत्येक बिटच्या मध्यावर व्होल्टेज पालटते, त्यामुळे शून्यावर काही साचत नाही. त्याचा मोबदला म्हणून दुप्पट पट्टा द्यावा लागतो. ब्लूटूथमध्ये बिट पाठवण्याआधी ठरलेल्या रीतीने विस्कटतात, म्हणजे एकाच बिटच्या लांबलचक रांगा तयार होत नाहीत.

तिसरे रूप म्हणजे संदेशाला शून्यावर न उतरवता शून्याच्या किंचित वर थांबवणे. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातले यान क्रोल्स आणि मिशेल स्टायार्ट यांनी १९९५ मध्ये ही ‘लो-आयएफ’ रचना चिपवर यशस्वी करून दाखवली. ऑफसेट शून्यावर राहतो, संदेश त्याच्या शेजारी, आणि दोघांना वेगळे करायला छोटा गाळक पुरतो. बदल्यात एक नवी अडचण येते: शून्याच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर असलेला परका संदेश आरशातल्या प्रतिमेसारखा आपल्यावर येऊन पडतो. दोन काटकोनी वाटांची जुळणी जितकी चांगली, तितकी ही प्रतिमा पुसली जाते. एक टक्का उंचीचा आणि एक अंश कलेचा फरक राहिला तर प्रतिमेची शक्ती सुमारे दहा हजारांश उरते.

जीपीएसला ही रचना नेमकी मानवते. अनेक जीपीएस चिप संदेश ४.०९२ मेगाहर्ट्झवर उतरवतात. त्याची प्रतिमा सुमारे आठ मेगाहर्ट्झ बाजूला पडते आणि तिथे सहसा नुसती खरखर असते, म्हणून ती पुसण्याचे काम बेताने केले तरी चालते. पुढे चिप फक्त ‘धन की ऋण’ एवढेच, एका बिटमध्ये, नोंदवू शकते. इतक्या साध्या नोंदीत शून्यरेषा खरखरीच्या उंचीएवढी जरी सरकली तरी एका बाजूचेच उत्तर जास्त वेळा येऊ लागते आणि संदेश ओळखण्याची ताकद घटते. वीज वाचवणारा एक-बिटी उपाय टिकतो तो शून्य जागेवर आहे म्हणूनच.

संदेश असा बाजूला ठेवल्यावरही थोडा ऑफसेट उरतो. तो मोजून वजा करतात. जीएसएम मोबाइलला ४.६ मिलिसेकंदांच्या चक्रात ०.५८ मिलिसेकंदाची एकच पाळी ऐकायची असते, त्यामुळे मधल्या रिकाम्या वेळात शून्य मोजता येते. इतर चिपमध्ये अंकांतून व्होल्टेज बनवणारा छोटा परिवर्तक उलटा पासंग जोडतो. प्रवर्धकाच्या स्वतःच्या ऑफसेटसाठी ‘चॉपिंग’ वापरतात: संदेश आधी उंच वारंवारतेवर न्यायचा, वाढवायचा आणि परत आणायचा. त्याच परतीत मधल्या प्रवर्धकाचा ऑफसेट वर फेकला जातो आणि गाळला जातो.

स्फटिकाची चूक

ऑफसेटचा एक भाऊही आहे, वारंवारतेतला. आंदोलकाचा ठेका क्वार्ट्झ स्फटिक धरतो आणि तो तापमानाबरोबर किंचित बदलतो. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या केबिनच्या छपरावर आणि पहाटेच्या गारव्यात त्याचा ठेका एकच राहत नाही. दशलक्षात एक भाग चूक झाली तर जीपीएसच्या वारंवारतेवर ती सुमारे १५७५ हर्ट्झची होते. उपग्रहाच्या गतीमुळे येणारी सुमारे पाच किलोहर्ट्झपर्यंतची सरक वेगळीच. रिसीव्हरला या सगळ्या पट्ट्यात शोधत फिरावे लागते, आणि शोध जितका लांबतो तितकी बॅटरी खर्ची पडते.

हे दोन ऑफसेट एकमेकांच्या हातात हात घालतात तिथे नवखा रचनाकार फसतो. पेजरचेच उदाहरण घ्या. वहन वारंवारता ९०० मेगाहर्ट्झ असेल आणि स्फटिकाची चूक दशलक्षात पाच भाग असेल, तर सरक होते ४.५ किलोहर्ट्झ. म्हणजे दोन खुणांपैकी एक नेमकी शून्यावर येऊन बसते आणि डीसी अडवायला ठेवलेला कॅपॅसिटर तिलाच गिळतो. प्रयोगशाळेत २५ अंशांवर सुरेख चालणारे उपकरण डेकवर अर्धे बहिरे का होते, याचे कारण असेही असू शकते. म्हणून वारंवारता सतत दुरुस्त करणारे मंडल ठेवावे लागते, किंवा तापमान ओळखून स्वतःला सावरणारा स्फटिक.

शून्य डोळ्यांनी पाहा

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांच्यासाठी साधन स्वस्त आहे. लॅपटॉपला यूएसबीने जोडायचे सॉफ्टवेअर रेडिओचे छोटे डाँगल मिळते. त्यातला थेट शून्यावर उतरवणारा प्रकार घ्या आणि एफएमचा पट्टा पडद्यावर उघडा. केंद्रांचे उंचवटे दिसतील आणि बरोबर मध्यभागी एक टोकदार सुई उभी असेल. अँटेना काढा; उंचवटे जातील, सुई राहील. अँटेना पुन्हा लावून रेडिओ शंभर किलोहर्ट्झने सरकवा. केंद्रे आपापल्या वारंवारतेवर राहतील, पण सुई तुमच्याबरोबर येऊन पुन्हा मध्यावर उभी राहील. ती कोणत्याही केंद्राची नाही, रिसीव्हरची स्वतःची आहे. आता हवे ते केंद्र मध्यापासून थोडे बाजूला ठेवून ऐका. लो-आयएफचे सगळे सार या एका कृतीत आहे.

आधी जागा, मग दुरुस्ती

कमी विजेचा रिसीव्हर घडवताना म्हणूनच क्रम महत्त्वाचा. पहिला निर्णय संदेश कुठे उतरवायचा याचा. तो कागदावरच होतो आणि त्याला वीज लागत नाही. दुसरा निर्णय मांडणीचा: आंदोलक अँटेनापासून दूर, तारा जोडीजोडीने आणि समान लांबीच्या, जमिनीची जोडणी भक्कम. मग मोजून वजा करण्याची पाळी, आणि ट्रान्झिस्टर मोठे करून वीज ओतणे सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाला की पहिल्या निर्णयातली कसर प्रत्येक सेकंदाला बॅटरीतून भरून काढावी लागते.

चाचणीही समुद्राच्या अटींवर व्हायला हवी. इंजिन चालू असताना, व्हीएचएफचे बटण दाबलेले असताना, अँटेनाजवळून माणूस जात असताना आणि छप्पर तापलेले असताना रिसीव्हर किती क्षीण संदेश उचलतो, हे चारही वेळा वेगवेगळे मोजावे. रत्नागिरीत अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनचे विद्यार्थी आहेत, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे आणि मिरकरवाडा हाकेच्या अंतरावर आहे. अशी मोजमापे मोठ्या शहरातल्या वातानुकूलित प्रयोगशाळेत घेता येत नाहीत. ती घ्यायला याहून योग्य जागा नाही. विजेची बचत आणि खलाशाची सुरक्षितता इथे एकाच आकड्यावर तोलली जाते: संकटाच्या रात्री, उतरलेल्या बॅटरीवर, पोच ऐकायला यंत्र अजून किती तास जागे राहील.